क्वालालंपूर ते बँकॉक: पाच तास बावन्न मिनिटं

क्वालालंपूर ते बँकॉक हे अंतर आकाशातून जेमतेम बाराशे किलोमीटर. विमान सव्वादोन तासांत पोचतं. एवढं तुम्हाला घरबसल्या कुठलाही फोन सांगेल. मला मात्र ते मोजायला एका जर्मन कंपनीनं अर्ध्या पृथ्वीपलीकडे पाठवलं, आणि सोबत दिली एक बाई, एक स्टॉपवॉच आणि तीन प्रतींतला एक फॉर्म.

मी आजवर प्रवासाच्या ज्या गोष्टी सांगितल्या त्यांतल्या निम्म्या खोट्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या फुगवलेल्या. आमच्या मराठी मंडळात माझं नाव निघालं की लोक आधी हसून घेतात आणि मग ऐकतात. स्वित्झर्लंडच्या एका डोंगरावर गाईनं माझा पासपोर्ट खाल्ला होता, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की ती गाय आता मलाही आठवते. ही गोष्ट तशी नाही. हिच्यात गाय घालता आली असती तर फार बरं झालं असतं.

कायझर्सलाउटर्न

आमचं गाव जंगलात आहे. झाडं इतकी, की पोस्टमन होकायंत्र घेऊन निघतो. गावाचं नाव नवख्या माणसानं पूर्ण उच्चारेपर्यंत त्याची बस सुटते. टेकडीवर विद्यापीठ, टेकडीखाली आमची कंपनी. मोटारीच्या दारांना आतून जी रबरी पट्टी असते, पाऊस आत येऊ नये म्हणून, ती आम्ही बनवतो. अठरा वर्षं मी ती पट्टी दाबून बघतो आहे. हे काम सांगितलं की लोक विषय बदलतात, म्हणूनच मला गोष्टी सांगायची सवय लागली असावी.

कंपनीचे दोन छोटे कारखाने तिकडे होते, एक क्वालालंपूरच्या बाहेर, एक बँकॉकच्या बाहेर. दोन्हीकडे पट्टी दाबून बघायला इथून माणूस पाठवायचा होता. क्वालालंपूरसाठी नाव ठरलं होतं नितीन खोतचं.

नितीन इचलकरंजीचा. आमच्याच टेकडीवर डॉक्टरेट केली, मग कंपनीत आला. मला दादा म्हणायचा. त्याची बायको मुग्धाही दादाच म्हणायची. रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला, हा इतका पक्का नियम की माझा मुलगा शनिवारीच विचारायचा, "कोमेन झी मॉर्गेन?" उद्या येणार ना ते, असं. त्याला मराठीत विचारलेलं सगळं समजतं, फक्त तोंडातून जर्मन बाहेर पडतं. नितीनची नोकरी मुदतीची होती. मार्चमध्ये मुदत संपणार, आणि कायमच्या राहण्याच्या परवान्याला त्याला आठ महिने कमी पडत होते. परदेशी पाठवणीची ही जागा मिळाली तर मुदत तीन वर्षं वाढणार. म्हणजे सगळा संसार त्या जागेवर उभा.

आणि मग आमचे साहेब, हेर श्टाइनर, यांना एक विचार सुचला. जर्मन साहेबाला विचार सुचला की त्याचा तक्ता होतो.

"हेर भालेराव," ते म्हणाले, "या दोन शहरांत किती अंतर आहे?"

"बाराशे किलोमीटर. सव्वादोन तास."

"ते विमानाचं झालं. विमान दारातून निघत नाही, माणूस निघतो. मला कारखान्याच्या फाटकापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत हवंय. सहा तासांच्या आत होत असेल तर एकच माणूस दोन्हीकडे बघेल. सहाच्या वर गेलं तर दोन माणसं. साधं आहे."

"गेनाऊ," मी म्हणालो. कशालाही गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणायची मला वाईट सवय आहे.

मी तिकडे मोजायला निघणार हे कळलं त्या संध्याकाळी नितीन घरी आला. चपला काढायच्या आतच बोलला.

"दादा, सहाच्या आत आणू नका."

"का रे? एकच जागा झाली तरी ती तुलाच देणारेत. आपल्याकडचा एकही जर्मन तिथल्या उकाड्यात जायला तयार नाही."

"मिळेल हो. पण मग मला दर आठवड्याला बँकॉकला जावं लागेल. तुमचं ठीक आहे, तुम्ही आता जर्मन. माझा पासपोर्ट आपला. तिथं उतरल्यावर व्हिसाची रांग असते. मागे मी गेलो होतो तेव्हा तीन तास उभा होतो. तीन तास, दादा. साहेब म्हणतील सहा तासांत पोचायचं, मी नऊ तासांनी पोचणार. दोन महिन्यांत म्हणतील, याला जमत नाही."

"मग श्टाइनरला सांग ना तसं."

"मी सांगितलं तर त्याला वाटेल, जायची इच्छा नाही म्हणून कारणं देतोय. तुम्ही फक्त वाटेत एक चहा प्या. निवांत. बास."

"एक चहा?" मी म्हणालो. "अरे, मी वाटेत दाढी करीन, जेवीन, डुलकी काढीन, तिथल्या एखाद्या म्हातारीच्या नातीचं लग्न लावून देईन. सात तासांच्या आत आलो तर नाव भालेराव नाही."

नितीन हसला. वृंदा, माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, शब्द देताय तर जरा लहान द्या."

आता पासपोर्टचं सांगायला हवं. त्याच वसंतात मी जर्मन झालो होतो. जुना निळा पासपोर्ट फ्रांकफुर्टला आपल्या वकिलातीत नेऊन दिला, तो कोपरा कापून परत मिळाला. कोपरा कापलेलं ते पुस्तक मी कपाटात वृंदाच्या शालूखाली ठेवलं. नवं, मरून रंगाचं पुस्तक शर्टाच्या खिशात ठेवून दोन आठवडे नुसता फिरलो. बेकरीतही नेलं. जन्मभर मी दूतावासांच्या दारात उभा राहिलेला माणूस. फोटोत कान दिसत नाहीत म्हणून परत पाठवलेला, बँकेच्या कागदावर शिक्का पुसट आहे म्हणून परत पाठवलेला. या पुस्तकाचा पहिला मोठा प्रवास हाच होणार होता. यात माझं किती मन गुंतलं होतं ते मी नितीनला सांगितलं नाही. मलाही तेव्हा ते नीटसं माहीत नव्हतं.

क्वालालंपूर

सोबतच्या बाईंचं नाव फ्राऊ होल्त्स. हिशेब-तपासणी खात्यातल्या, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या. आमच्या कंपनीत कुठलंही मोजमाप दोघांनी करायचं आणि दोघांनी सही करायची असा नियम आहे. त्याला ते चार डोळ्यांचा नियम म्हणतात. फ्राऊ होल्त्स यांचे दोन डोळे माझ्या सहा डोळ्यांना पुरून उरतील असे. स्टॉपवॉच त्यांनी गावातल्या पळण्याच्या क्लबातून आणलं होतं आणि गळ्यात घातलं होतं. मंगळसूत्रासारखं, अंघोळीलाही काढत नसाव्यात.

क्वालालंपूरला उतरलो तेव्हा हवा इतकी दमट, की श्वास घ्यायचा की प्यायचा तेच कळेना. फ्राऊ होल्त्स यांचे केस पाच मिनिटांत शेवयांसारखे चिकटले. संध्याकाळी त्यांना एका तमिळ खानावळीत नेलं. केळीच्या पानावर भात, तीन भाज्या, पापड, वर रसम. वाढणारा थांबेना. आमच्या पंगतीत आग्रह करतात, पण तिथं निदान तोंडानं करतात. हा माणूस बोलतच नव्हता, नुसता वाढत होता.

"याला थांबवायचं कसं?" फ्राऊ होल्त्स यांनी विचारलं. कपाळावरून घाम ओघळत होता.

"पान दुमडायचं. तुमच्याकडे."

"माझ्याकडे? दूर नको?"

"दूर दुमडलं तर त्याला वाटेल, जेवण आवडलं नाही." हे मला खरं माहीत नव्हतं, पण बाईंनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. पुढे कळलं की ते खरंच आहे. माझ्या तोंडून खरं कधी बाहेर पडेल याचा मलाही भरवसा नसतो.

त्यांनी हातानं जेवायचा प्रयत्न केला, भात कोपरापर्यंत गेला, आणि त्या इतक्या मनापासून हसल्या की शेजारच्या टेबलावरचं अख्खं कुटुंब हसलं. अठरा वर्षांत त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो. मला वाटलं, बाई चांगली आहे. हिला गुंडाळणं सोपं जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकावर त्यांनी स्टॉपवॉच दाबलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "निघू या."

मी लगेच कामाला लागलो. टॅक्सी चालवणारा सेल्वम नावाचा होता. त्याच्या कानात मी हळूच म्हटलं, "सावकाश चालव, बाईंना गाडी लागते." त्यानं मान हलवली आणि गाडी अशी हाणली, की रस्त्यावरचे पांढरे पट्टे एकाला एक जोडून सरळ रेघ झाले. त्याचं म्हणणं पडलं, ज्याला गाडी लागते त्याला लवकर पोचवलेलं बरं.

विमानतळावर मी चहा प्यायलो. दूध साखर घालून, दोन भांड्यांत उंचावरून ओतून फेसाळ केलेला तिथला चहा. एक प्यायलो, दुसरा प्यायलो, नितीनची आठवण काढून तिसराही प्यायलो. फ्राऊ होल्त्स शांतपणे बघत होत्या.

"हेर भालेराव, तहान लागली आहे का?"

"फार."

"प्या. विमान आठ पन्नासला आहे. तुम्ही तीन प्या नाहीतर तीस, ते आठ पन्नासलाच निघणार."

चौथा कप तसाच राहिला. एवढी साधी गोष्ट, पण रबर दाबण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाच्या डोक्यात आली नव्हती. विमान उडायच्या आधी केलेला उशीर उशीरच नसतो. जो काही वेळ घालवायचा तो आता बँकॉकला उतरल्यावर.

खिडकीतून खाली पामची लागवड दिसत होती. डोंगरच्या डोंगर कंगव्यानं विंचरल्यासारखे. मग समुद्र आला, इतका हिरवा की त्यात कोथिंबीर चिरून टाकल्यासारखा. हवाईसुंदरीनं सांगितलं, बँकॉकचं घड्याळ एक तास मागे आहे, घड्याळं लावून घ्या. सगळ्यांनी लावली. फ्राऊ होल्त्स यांचं स्टॉपवॉच कुठल्याच देशात राहत नव्हतं, ते तसंच पुढे चालत राहिलं. मी मनातल्या मनात बेत आखला. उतरल्यावर बेल्टवर बॅग सापडत नाही असं करायचं. मग पोट बिघडवायचं. मग चुकीच्या दारानं बाहेर पडायचं. अर्धा तास सहज.

बँकॉक

उतरलो. लांबच लांब सरकत्या पट्ट्यांवरून चालत आम्ही एका मोठ्या चौकात आलो. तिथून वाट फुटते. उजवीकडे पासपोर्ट तपासणी, डावीकडे व्हिसाच्या खिडक्या. डावीकडची रांग मी पाहिली आणि पाय अडखळले. रांग कसली, मुक्काम होता तो. दोऱ्यांच्या वळणांमधून माणसं उभी. आपली माणसं. गुजराती कुटुंबं, तमिळ पोरं, कडेवर झोपलेली बाळं, हातात फॉर्म, फोटो, परतीची तिकिटं, हॉटेलचे कागद. कुणी बॅगेवर कागद ठेवून लिहीत होतं, कुणी पुढच्याच्या पाठीवर. टेकायला भिंत नव्हती.

चौकात एक तपकिरी गणवेशातला माणूस उभा होता, वाट दाखवायला. त्यानं फ्राऊ होल्त्स यांना उजवीकडे हात केला. मग माझ्याकडे बघितलं, तोंडाकडे, आणि डावीकडे हात केला. त्यात त्याची काही चूक नव्हती. दिवसाकाठी हजार चेहरे बघून त्याचा हात आपोआप तिकडे जात असेल.

पण तो हात डावीकडे गेला आणि माझ्या आत काहीतरी पेटलं.

मी खिशातून मरून पुस्तक काढलं. नुसतं काढलं नाही, धरलं. लग्नात विहिणीला आहेराची साडी दाखवतात तसं उघडून, हात लांब करून. तो म्हणाला, "ओ, सॉरी सर, धिस वे." मी उजवीकडे वळलो. त्या क्षणी मला चहा आठवत नव्हता, बॅग आठवत नव्हती, नितीन आठवत नव्हता.

तेवढ्यात दोरीपलीकडून आवाज आला.

"अहो! अहो साहेब! मराठी ना तुम्ही?"

साठी-पासष्टीचं जोडपं होतं. काकांच्या अंगावर प्रवासाला म्हणून घेतलेली अनेक खिशांची बंडी, काकूंच्या पायात साडीखाली पांढरे बूट. माझ्या खांद्यावरच्या बॅगेला वृंदानं ओळखीसाठी खणाची चिंधी बांधली होती, त्यावरून ओळखलं असावं.

"साताऱ्याचे आम्ही," काका म्हणाले. "ग्रुप पुढं गेला आमचा. हा फॉर्म तेवढा भरून द्या की. सगळं इंग्लिश आहे आणि हिचा चष्मा सामानातल्या बॅगेत ऱ्हायला. दहा मिनिटं फक्त."

दहा मिनिटं. मला सहा तासांच्या वर जायला तेवढीच लागली असती, त्याहूनही कमी. आणि काही खोटं करायचं नव्हतं. पोट बिघडवायचं नव्हतं. दोन म्हाताऱ्या माणसांचा फॉर्म भरून द्यायचा होता. कुणी माझ्या हातात नेऊन ठेवावं तसं ते माझ्यापुढे होतं.

फ्राऊ होल्त्स थांबल्या होत्या. त्यांनी विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

गणवेशवाला बघत होता.

मी काकांकडे बघून म्हणालो, "एंटशुल्डिगुंग." माफ करा, असं. जर्मनमध्ये. खांदे थोडे उडवून, ज्याला भाषा कळत नाही तो उडवतो तसे.

काका गोंधळले. काकू त्यांना म्हणाल्या, "नसतील हो मराठी. उगी कुणालाही काय हाक मारता."

मी चालू लागलो. उजवीकडच्या रांगेत माझ्यापुढे चार माणसं होती. अधिकाऱ्यानं शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज मला फार गोड लागला. लिहायला लाज वाटते, पण लागला. बॅग पट्ट्यावर माझी वाट बघत फिरत होती. टॅक्सी दारात. रस्ता रिकामा. बँकॉकची रहदारी जगात कुप्रसिद्ध, मीच मंडळात सांगितलं होतं की तिथं सिग्नलला थांबल्या थांबल्या लोकांची लग्नं जमतात. त्या दिवशी एकही सिग्नल लाल लागला नाही.

फाटकावर फ्राऊ होल्त्स यांनी बटण दाबलं.

"पाच तास बावन्न मिनिटं."

मी म्हणालो, "शाबास!" आणि त्यानंतर मला कळलं मी काय म्हणालो ते.

दुपारी कारखान्यासमोरच्या गाडीवर आम्ही आंबा आणि चिकट भात खाल्ला, वर नारळाचं दूध. आपल्या नारळीभाताचा लाडावलेला भाऊ. फ्राऊ होल्त्स यांनी जेवण बाजूला सारून फॉर्म काढला. शहरं, वेळा, वाहनं, सगळं भरलं. शेवटी एक रुंद रकाना होता, शेऱ्याचा.

"हेर भालेराव, ती डावीकडची रांग," त्या म्हणाल्या. "एकानं मला सांगितलं, अडीच-तीन तास लागतात. ती रांग आपल्या लोकांना लागत नाही, पण काहींना लागते. इथे नोंद करू का?"

बघा, दुसऱ्यांदा. माणसाला एका दिवसात दोनदा संधी मिळत नाही, मला मिळाली. नुसतं हो म्हणायचं होतं. पण त्या "आपल्या लोकांना" म्हणाल्या होत्या आणि त्यात मला धरलं होतं. हो म्हटलं असतं तर मी परत दोरीपलीकडे गेलो असतो.

"नको," मी म्हणालो. "त्याचा आपल्याशी संबंध नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे क्षणभर बघितलं. रकान्यात तिरकी रेघ मारली. मी सही केली. त्यांनी केली. चार डोळे.

परत कायझर्सलाउटर्न

हेर श्टाइनर यांनी आकडा बघून टेबलावर थाप मारली. जागा एकच झाली, आणि नितीनला मिळाली. गंमत अशी की सुरुवातीला सगळे खूश झाले. नितीन पेढे घेऊन आला, दूध पावडरचे, मुग्धानं केलेले.

"दादा, जाऊ द्या," तो म्हणाला. "रस्ताच रिकामा होता त्याला तुम्ही तरी काय करणार. बघू, जमेल."

मी पेढा खाल्ला. कँटीनमध्ये मात्र मी तोच प्रवास सांगत होतो. आठवड्याभरात पाच बावन्नचे पाच तास झाले, पुढच्या आठवड्यात साडेचार. लोक हसत, मी वाढवत असे. माझ्या तोंडाला लगाम नाही, आणि त्या दिवसांत तर गप्प बसलो की दोरीपलीकडचे काका दिसत.

जानेवारीत नितीन गेला. पहिल्या आठवड्यात बँकॉकला पोचायला त्याला साडेआठ तास लागले. दुसऱ्या आठवड्यात नऊ. बैठक त्याच्याशिवाय झाली. चौथ्या खेपेला त्याला रांगेतून बाजूला काढून, इतक्या वेळा का येता म्हणून तासभर विचारलं. विमानतळावरून त्यानं मला फोन केला.

"दादा, मी इथं बसलोय. तुम्ही जरा श्टाइनरशी बोलता का? तुमचं ऐकतील. मोजलंय तुम्ही."

मी गेलो. दार लावून घेतलं. सांगितलं की माझी वेळ माझ्या पासपोर्टची होती, नितीनची वेगळी लागणार, तिथं रांग असते, तीन तासांची.

हेर श्टाइनर यांनी फॉर्म काढला. शेऱ्याच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे काही नाही."

"राहून गेलं."

"सही तुमची आहे. आणि हेर भालेराव, राग मानू नका, गेल्या महिन्यात तुम्हीच कँटीनमध्ये साडेचार तास म्हणत होता. आज म्हणता नऊ. मी कुठला भालेराव धरू?"

फ्राऊ होल्त्स यांना बोलावलं. त्या उभ्याच राहिल्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मी विचारलं होतं." आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो तरी असतो.

मार्चच्या आधी निर्णय आला. मार्ग मोजलेला आहे, तो पाच तास बावन्न मिनिटांचा आहे, हेर खोत यांना तो झेपत नाही. आखनहून नुकताच शिकून बाहेर पडलेला एक उंच जर्मन मुलगा तिकडे गेला. पहिल्याच फेरीत तो पाच तास चाळीस मिनिटांत पोचला म्हणे. नितीनची मुदत संपली. त्यानं पुढचे सहा महिने अर्ज केले, गार्चिंगला, आखनला, दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, काही जमलं नाही. परवान्याची मुदत संपत आली. मुग्धानं भिंतीतले खिळे काढले, भोकं बुजवली, घर परत केलं.

फ्रांकफुर्टच्या वाटेवर

त्यांना विमानतळावर मीच सोडलं. सकाळ होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेतं संपून आता नुसती काळी जमीन होती. नितीन माझ्या शेजारी, मुग्धा मागे, तिच्या दोन्ही बाजूंना बॅगा. मान्हाइम मागे पडेपर्यंत नितीन आपला चाकणच्या कुठल्या कंपनीबद्दल सांगत होता, तिथं ओळख आहे, होईल काहीतरी.

मग मी सांगितलं. सगळं. गणवेशवाला, मरून पुस्तक, साताऱ्याचे काका, दहा मिनिटांचा फॉर्म, एंटशुल्डिगुंग. आणि तो रकाना. एक शब्द वाढवला नाही. मला वाटतं, इतकं सपाट मी आयुष्यात काही सांगितलं नसेल.

नितीन ऐकत होता. मी थांबलो तसा तो हसायला लागला. खरं हसला, मांडीवर थाप मारून.

"काय दादा! जाता जाता आम्हाला पण सोडलं नाहीत. साताऱ्याचे काका काय, पांढरे बूट काय. मराठी माणसाला जर्मनमध्ये उत्तर? तुम्ही? बसवाल्याशी मराठीत भांडणारे तुम्ही!" त्यानं डोळे पुसले. "मला बरं वाटावं म्हणून असं स्वतःवर घेऊ नका हो. तुमचा काय दोष?"

मी म्हणालो, "नितीन, खरं आहे हे."

"हो हो. ती गाय पण खरी आहे."

मी आरशात बघितलं. मुग्धा हसत नव्हती. ती आरशातून सरळ माझ्याकडेच बघत होती, केव्हापासून कोण जाणे. मी नजर रस्त्यावर आणली.

विमानतळावर बॅगा उतरवल्या. नितीन ट्रॉली आणायला गेला. मुग्धा माझ्याजवळ उभी होती, कोट हातावर घेऊन.

"दादा," ती हळूच म्हणाली, "हे मंडळात नका सांगू. लोक हसतील."

नितीन आला. त्यानं वाकून नमस्कार केला. मी नको म्हणत असतानाही केला. तिनं केला नाही. दोघं आत गेली.

यंदा गणपतीत आरती झाल्यावर चौघांनी आग्रह धरला, भालेराव, होऊन जाऊ द्या काहीतरी, बँकॉकचं सांगा. मी दुसरंच काहीतरी सांगितलं. हसले सगळे.